स्टेन्सिल, शाई आणि ‘सत्यकथा’

‘झाईन’ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न भागात आला तेव्हा उत्तर पटकन दिलं गेलं: लघुअनियतकालिक. जीभ अडखळते खरी, पण शब्द नेमका आहे. त्यातल्या ‘अनियत’ला तर चक्क टपालखात्याचा संदर्भ आहे. आपल्याकडे वर्तमानपत्राची स्वस्त टपालसवलत हवी तर नोंदणी लागायची आणि दोन अंकांमधलं अंतर ३१ दिवसांपेक्षा जास्त असून चालायचं नाही. म्हणजे ज्याला वाटेल तेव्हा अंक काढायचाय त्याने पूर्ण तिकीट लावावं, नाहीतर हातोहात वाटावं. बहुतेकांनी हातोहात वाटले. म्हणूनच या अंकांचा वाचक बराचसा संपादकाच्या ओळखीतला होता, आणि पुढच्या वर्षी तोच दुसऱ्या अंकाचा संपादक झालेला दिसतो.

अमेरिकेत या प्रकाराची सुरुवात १९३० साली शिकागोत निघालेल्या ‘द कॉमेट’ या विज्ञानकथाप्रेमींच्या पत्रिकेपासून धरतात. ‘फॅनझीन’ हा शब्द १९४० चा. आपली गोष्ट सुरू होते १९५५ मध्ये, मुंबईत. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुण मुलांनी ‘शब्द’ काढला, तोही सायक्लोस्टाईल करून. तो १९६० पर्यंत रडतखडत चालला.

सायक्लोस्टाईल आता पाहायला मिळत नाही, म्हणून थोडं सांगतो. मेण लावलेला पातळ कागद म्हणजे स्टेन्सिल. टाइपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर टंकायचं, की अक्षराच्या जागी मेण निघतं. मग तो शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवायचं. चूक झाली तर लाल रंगाचं पातळ औषध लावून बुजवायची. चित्र हवं असेल तर टोकदार लेखणीने थेट मेणावर काढायचं. यात खिळे जुळवणारा कंपोझिटर नाही, छापखान्याचा मालक नाही, आणि ‘हे आम्ही छापणार नाही’ म्हणणारं मध्ये कोणीच नाही. कोणत्याही ऑफिसात हे यंत्र असायचं आणि संध्याकाळी साहेब घरी जायचे. पुढचं समजून घ्या.

भांडण नेमकं कशाशी होतं? ‘सत्यकथा’ हे मौजेचं मासिक तेव्हा मराठी साहित्याचा दरवाजा होतं. तिथे कविता आली की माणूस कवी. संपादन अतिशय काटेकोर, आणि लेखकाकडे सुधारणेसाठी परत आलेल्या हस्तलिखितांच्या कथा आजही सांगितल्या जातात. मला स्वतःला ‘सत्यकथे’बद्दल आदर आहे, नवकथा आणि नवकविता त्याच पानांवर मोठी झाली. पण एकच दरवाजा असला की त्याच्या मापाची माणसं आत जातात. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचा ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख आला आणि त्यांनी नावं घेऊन सगळ्यांची हाडं दाखवली. त्याच वर्षी नेमाड्यांची ‘कोसला’ आली. शहाण्यांचं ‘असो’ही याच सुमाराचं. राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली, आणि १९६९ मध्ये तर ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी झाली. अंक जाळणं मला आजही खटकतं. लिहिणाऱ्यांनी छापलेलं जाळावं हे विचित्रच. पण जाळण्याइतका राग एखाद्या मासिकाचा येतो, यावरून त्याचं वजन कळतं. आज कोणत्या मराठी मासिकाचा असा राग येईल?

हे सगळं मुंबईतच घडत होतं असंही नाही. अलाहाबादला १९६५ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि त्यांच्या मित्रांनी ‘डॅम यू’ काढलं, ते न्यूयॉर्कच्या एड सँडर्स यांच्या सायक्लोस्टाईल मासिकाबद्दल वाचून. (त्या मूळ मासिकाचं नाव इथे लिहिता येत नाही. ‘डॅम यू’ हे त्याचं सभ्य भावंड.) औरंगाबादला ‘वाचा’ निघालं. त्याच नावाच्या प्रकाशनाने नेमाड्यांचा ‘मेलडी’ हा कवितासंग्रह १९७० मध्ये छापला. अंकातून प्रकाशन उभं राहण्याचं हे एक उदाहरण. दुसरं शहाण्यांच्या ‘प्रास’चं. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ त्यांनी १९७७ मध्ये काढलं आणि २००३ मध्ये ‘भिजकी वही’ही. जवळपास पन्नास वर्षं एका कवीने मोठ्या प्रकाशकाच्या दारात न जाता मित्रांकडूनच पुस्तकं काढली. इंग्रजी ‘जेजुरी’सुद्धा १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाऊस’ या कवींनीच चालवलेल्या प्रकाशनातून आली.

मात्र ‘सत्यकथे’ला कंटाळलेल्या मुलांची चळवळ एवढंच म्हणून थांबलो तर अर्धी गोष्ट सुटते. चित्रे किंवा कोलटकर यांना दुसरा दरवाजा ठोठावता आला असता. नामदेव ढसाळ किंवा राजा ढाले यांच्या भाषेला दरवाजाच नव्हता. कामाठीपुऱ्याची बोली, शिवी, जात, भूक हे ‘चांगल्या’ मासिकात बसत नव्हतं. त्यांच्यासाठी स्टेन्सिल ही हौस नव्हती. १९७२ मध्ये ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली आणि १५ ऑगस्टच्या ‘साधने’तल्या ढाले यांच्या लेखाने महाराष्ट्र हादरला. ही माणसं एकमेकांना ओळखत होती ती बरीचशी या अंकांमुळे. मला वाटतं अनियतकालिकांचं सगळ्यात मोठं काम हेच, साहित्यातल्या प्रयोगांपेक्षाही मोठं.

आणि बायका? अमेरिकेत १९९१ च्या आसपास ‘रायट गर्ल’ची झाईन्स मुलींनी मुलींसाठी काढली. आपल्या साठच्या दशकातल्या संपादकांची यादी करायला बसलं तर पुरुषांमागून पुरुष येतात. या बंडखोर वर्तुळाच्या घरातली बाजू वाचायची तर मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ उघडावं लागतं, आणि ते १९८४ चं.

थोड्या प्रतींचं एक संरक्षणही असतं. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता ‘प्रास’ने १९८३ मध्ये पोस्टर म्हणून छापली. अकरा वर्षं तिच्यावर खटला नाही. १९९४ मध्ये तीच कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये न्यायालयाने अंकाच्या संपादकांना मोकळं केलं, पण कवीला खटल्याला सामोरं जायला सांगितलं. शब्द तेच होते, फक्त वाचक बदलले होते.

मी हे चँडलरमधून लिहितोय. इथून फिनिक्सला गेलं की ‘वेस्टेड इंक’ नावाचं निव्वळ झाईन्सचं दुकान आहे. इथल्या मराठी घरांत मात्र मंडळाच्या स्मरणिका सापडतात: गुळगुळीत कागद, घरं विकणाऱ्यांच्या जाहिराती, अध्यक्षांचं मनोगत. त्या वाचून कोणी कधी चिडल्याचं ऐकलेलं नाही. मराठी अनियतकालिकं या देशात पाहायची तर न्यूयॉर्क राज्यात, कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावं लागतं. तिथे मुंबईच्या कवींचा संग्रह आहे. अंजली नेर्लेकर यांचं ‘बॉम्बे मॉडर्न’ (२०१६) हे पुस्तक याच विषयावरचं, आणि कोलटकरांवर काम करणाऱ्याने आधी तेच वाचावं.

बाकीचे अंक अजून घराघरांत आहेत, माळ्यावर, ट्रंकेत, कुणा मामाच्या कपाटात. सायक्लोस्टाईलचा कागद पिवळा पडून तुकडे होतात आणि स्टेपलच्या पिना गंजून कागद खातात. तुमच्याकडे असा अंक निघाला तर पिन हळूच काढा, लॅमिनेशन अजिबात करू नका, सगळ्या पानांचे फोटो घ्या. मागचं पानही घ्या, कारण पत्ता आणि किंमत बहुतेक वेळा तिथेच असते.