जेट एअरवेज : दिवाळखोरी आणि सरकारी अधिकाराच्या मर्यादा

जेट एअरवेज ही मुंबईत अंधेरी पूर्वेला सहार विमानतळ रस्त्यावरच्या सिरोया सेंटरमध्ये मुख्य कार्यालय असलेली खासगी विमान कंपनी होती. उड्डाणे मे १९९३ पासून. स्टेट बँकेसह कर्ज देणाऱ्या बँकांनी तातडीचा पैसा नाकारला आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान तिचे अखेरचे ठरले. तेव्हा लोकसभेचे मतदान चालू होते, प्रमुख धनको बँका सरकारी होत्या आणि हजारो पगार अडले होते. तरीही सरकारने तिला वाचवले नाही आणि कंपनी बुडाली.

याचे कारण २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत आहे. २० जून २०१९ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने स्टेट बँकेचा अर्ज दाखल करून घेतला. कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे गेला आणि नवा मालक निवडण्याचा हक्क धनकोंच्या समितीकडे. तिथे मंत्र्याला मत नसते. विमानतळांवरचे स्लॉट, म्हणजे उड्डाण-उतरणीच्या राखीव वेळा, मात्र सरकारच्या हाती होते; ते इतर कंपन्यांना वाटले गेले आणि जेटची खरी मिळकतच हातची गेली. २०२१ मध्ये मंजूर झालेली जालान-कालरॉक या गुंतवणूकदार गटाची योजना पैशांच्या अटींवर अडली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ मधील विशेष अधिकाराखाली कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळण्याचा, आदेश दिला.

या संहितेशी राष्ट्रपतींचा संबंध येतो तो वटहुकमापुरता. करोनाकाळात, ५ जून २०२० रोजी, रामनाथ कोविंद यांच्या सहीने निघालेल्या वटहुकमाने २५ मार्च २०२० पासूनच्या थकबाकीवर दिवाळखोरीचे अर्ज करणे थांबवले. ही सवलत पुढे वर्षभरापर्यंत वाढली. अशी सही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते आणि संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मान्यता न मिळाल्यास वटहुकूम संपतो. याउलट अमेरिकेत सिनेटमध्ये मोटार कंपन्यांच्या मदतीचे विधेयक अडल्यावरही अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी डिसेंबर २००८ मध्ये बँकांसाठीच्या निधीतून जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला कर्ज दिले. भारताच्या राष्ट्रपतींकडे अशी तिजोरी नाही.

राजकीय हात दूर राहिला हे योग्यच, पण त्याची किंमत कर्मचाऱ्यांनी मोजली. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या थकबाकीसाठी त्यांना जानेवारी २०२३ पर्यंत, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. अवसायनातल्या वाटपात कामगारांची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात आणि इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार त्यांच्या मागून. सरकारी कराची थकबाकी त्याच्याही खाली आहे.