झाडावरची तार

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास म्हटला की सरकारी केंद्रांचे उंच मनोरे आठवतात; परसातल्या झाडाला टांगलेली तार कोणास आठवत नाही. हौशी रेडिओचा संसार मात्र बहुतांशी या तारेवरच उभा राहिला, हे आम्ही येथे नमूद करू इच्छितो.

तिचे गणित सोपे आहे. तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची तांब्याची तार मधोमध तोडून तेथे प्रक्षेपकाची जोडतार लावावी आणि टोके दोरीने फांद्यांना बांधावीत. चाळीस मीटरच्या पट्ट्यास सुमारे २० मीटर तार पुरते. वाऱ्याने झाड हलून ती तुटू नये, म्हणून दोरी कप्पीवरून घेऊन वजन टांगतात.

इतक्या अल्प साधनांत दूरवर पोहोचणारी विद्या सत्तेस धास्तीची वाटावी, यात नवल नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील हौशी मंडळींना प्रक्षेपक जमा करण्याचे हुकूम सुटले. यंत्रे गेली, विद्या उरली. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तेव्हा नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाचे ज्ञान कामी आले. जागा बदलत ते केंद्र नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत बोलत राहिले.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमान-निकोबारचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हौशी मंडळींनी अनेकांची खुशाली मुख्य भूमीवर कळविली. एके काळी जिच्यावर जप्ती आली, तीच विद्या अशी लोकांच्या उपयोगी पडली. हौस म्हणून जपलेले ज्ञान ही समाजाची ठेवच होय, असे आम्ही मानतो.