जपानच्या हिमप्रदेशातील हिमसफाईची साधने

जपानच्या होन्शू बेटाचा जपान समुद्राकडील भाग आणि होक्काइडो बेट येथे हिवाळ्यात घराचे छप्पर, अंगण आणि रस्त्यापर्यंतची वाट मोकळी ठेवण्यासाठी जी हातअवजारे, यंत्रे आणि पाण्याच्या योजना वापरल्या जातात, त्यांचा परिचय या लेखात दिला आहे. या पट्ट्याला जपानी भाषेत 'युकिगुनी' म्हणजे हिमदेश असे म्हणतात. निगाता, यामागाता, अकिता, आओमोरी, तोयामा हे प्रांत तसेच नागानो व फुकुशिमा प्रांतांचे काही भाग त्यात मोडतात. जमिनीवरील बर्फ काढण्याच्या कामाला 'युकिकाकी' आणि छपरावरील बर्फ खाली टाकण्याच्या कामाला 'युकिओरोशी' अशी दोन वेगळी नावे आहेत. दोन्ही कामांची अवजारे बरीचशी सारखी असली, तरी त्यांतील धोका सारखा नाही.

बर्फाचे स्वरूप

हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे थंड, कोरडे वारे जपान समुद्रावरून वाहतात. या समुद्रात त्सुशिमा हा उबदार प्रवाह असल्यामुळे वारे वाटेत भरपूर बाष्प घेतात आणि होन्शूच्या मध्यवर्ती पर्वतरांगांना अडून ते बाष्प बर्फाच्या रूपाने खाली येते. निगाता प्रांतातील नागाओका शहर जवळजवळ अथेन्सच्या अक्षांशावर आहे, तरीही तेथे माणूस बुडेल इतका बर्फ साचू शकतो. नागानो प्रांताच्या उत्तर टोकाला असलेल्या मोरी-मियानोहारा या रेल्वे स्थानकावर १२ फेब्रुवारी १९४५ रोजी ७.८५ मीटर जाडीचा थर मोजला गेला. त्या उंचीचा खांब स्थानकाजवळ उभारलेला आहे.

साधनांची घडण समजण्यासाठी खोलीपेक्षा वजन अधिक महत्त्वाचे आहे. होन्शूच्या सखल भागात तापमान शून्य अंशाच्या आसपास घुटमळते, म्हणून तेथील बर्फ ओला आणि जड असतो. ताज्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला साधारण ५० ते १५० किलोग्रॅम असते. तोच बर्फ काही आठवडे दबत राहिला की ३०० किलोग्रॅमच्या पुढे जातो आणि हिवाळ्याच्या अखेरीस ५०० पर्यंत पोहोचू शकतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर मुरलेल्या बर्फाचा एक मीटर थर असेल, तर त्या घराने सुमारे ३० टन ओझे डोक्यावर घेतलेले असते. होक्काइडोच्या अंतर्भागातील कोरडा, पिठासारखा बर्फ यामानाने हलका असतो. एका प्रदेशात उपयोगी ठरलेले फावडे दुसऱ्या प्रदेशात निरुपयोगी ठरते, ते यामुळेच.

लाकडी फावडे आणि तुडवलेली वाट

या प्रदेशातील सर्वांत जुने आणि दीर्घकाळ टिकलेले अवजार म्हणजे 'कोसुकी' हे लाकडी फावडे. शिओझावा (सध्याचे मिनामिउओनुमा शहर) येथील कापडव्यापारी सुझुकी बोकुशी (१७७०–१८४२) यांनी १८३७ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'होकुएत्सु सेप्पु' या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. त्यांच्या भागात बर्फ 'झाडणे' असे न म्हणता 'खणणे' असे म्हणत, कारण ते काम माती खणण्यासारखेच होते, असे ते नोंदवतात. हे फावडे बीच जातीच्या झाडाच्या लाकडापासून बनवत. ते वजनाला हलके, तरी चिवट असे आणि सहसा मोडत नसे. डोंगराळ भागातील लोक ती तयार करून सखल गावांत विकत आणि प्रत्येक घरात ती बाळगली जात.

लाकडाची निवड केवळ स्वस्ताईसाठी नव्हती. गवताने किंवा लाकडी फळ्यांनी शाकारलेल्या छपरावर लोखंडी पाते मारल्यास छप्परच फाटते, लाकडी पात्याने ते बचावते. शिवाय ओला बर्फ धातूला चिकटून बसतो. लाकडाला मेण चोळले की तो सहज सुटतो. आज धातूच्या फावड्याला मेण किंवा सिलिकोनचा फवारा मारतात, तो याच कारणासाठी.

सगळा बर्फ उचलून टाकणे मात्र पूर्वी कोणाच्याही आवाक्यात नव्हते. म्हणून जमिनीवर बर्फ काढण्यापेक्षा तो तुडवण्याची पद्धत रूढ होती. वाकवलेल्या लाकडाची 'कांजिकी' ही हिमपादुका पायाला बांधून, किंवा गवताच्या पेंढ्याची गोणीसारखी उंच पादत्राणे घालून लोक पहाटे शेजारच्या घरापर्यंतची वाट दाबून काढत. पुढची वाट पुढच्या घराने तुडवायची, अशी वाटणी असे. दर हिमवर्षावानंतर वाट थोडी वर चढे. हिवाळा भरात आला की रस्ता वळचणीच्या उंचीला जाई आणि घरात शिरण्यासाठी बर्फात खोदलेल्या पायऱ्या उतराव्या लागत. ही रीत बंद पडण्याचे मुख्य कारण मोटारगाडी आहे. माणूस तुडवलेल्या बर्फावरून चालू शकतो; गाडीला जमीन लागते. त्यामुळे दळणवळण सुधारले तसे प्रत्येक घरामागे हलवायच्या बर्फाचे प्रमाण वाढले.

आधुनिक हातअवजारे

आजच्या घरात एकच फावडे पुरत नाही. ताज्या बर्फासाठी रुंद पात्याचे प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे फावडे असते. दबलेल्या बर्फाचे ठोकळे कापण्यासाठी चौकोनी पात्याचे पोलादी फावडे लागते. गोठून दगडासारख्या झालेल्या थरासाठी टोकदार पाते वापरतात. छपराच्या कडेवरून बाहेर झुकलेला बर्फाचा सज्जा जमिनीवरूनच पाडण्यासाठी लांब दांड्याची अवजारे मिळतात. सज्जाच्या थेट खाली उभे राहून ती वापरणे अर्थातच घातक आहे.

या सर्वांत 'स्नो डंप' हे अवजार युकिगुनीची खरी ओळख मानावे लागेल. रुंद, खोलगट सुपासारखे पाते आणि त्याला इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची दोन्ही हातांनी धरायची नळीची मूठ, एवढीच त्याची रचना. 'मामासान डंप' या नावानेही ते ओळखले जाते. घरातील आईलाही डंप ट्रकसारखा बर्फ वाहता यावा, असा त्या नावाचा आशय आहे. पुरुष मंडळी हिवाळ्यात शहरांकडे मजुरीला जात आणि बर्फाचे काम मागे राहिलेल्यांवर पडे, हे लक्षात घेतल्यास नावामागील वस्तुस्थिती स्पष्ट होते.

स्नो डंपचे वैशिष्ट्य असे की त्यात बर्फ उचलावा लागत नाही. पात्याने बर्फाच्या थरात डावीकडे, उजवीकडे व मागे चीर पाडायची, मग पाते खाली सारून मूठ दाबायची. ठोकळा सुटून पात्यात बसतो आणि तो घसरवत नेता येतो. फावड्याने फेकताना कंबर, खांदे आणि हृदय यांवर येणारा ताण येथे बराच कमी होतो. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर द्वीपकल्पातही जवळजवळ असेच अवजार लोकप्रिय आहे. तेथेही बर्फ फार आणि घरे विखुरलेली आहेत. छपरावर मात्र हेच अवजार उलटते. भरलेले पाते कडेवरून खाली सोडताना त्याच्या ओझ्याबरोबर माणूसही ओढला जातो. म्हणून कडेपर्यंत न जाता अलीकडूनच ढकलण्याची आणि एका वेळी कमी बर्फ घेण्याची शिकवण दिली जाते.

हिमफेक यंत्रे

चाकांवर चालणारे आणि बर्फ दूर फेकणारे यंत्र कॅनडातील आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली तयार केले. घरगुती वापराची लहान यंत्रे जपानमध्ये त्यानंतर बऱ्याच काळाने पसरली. होंडा कंपनीचे छोटे यंत्र १९८० साली बाजारात आले. पुढच्या बाजूला आडवा, मळसूत्री फिरणारा दंड बर्फ फोडून मध्यभागी आणतो, मागील पंखा तो ओढून घेतो आणि वर वळवता येणाऱ्या धुराड्यातून कित्येक मीटर दूर फेकतो. ओल्या बर्फात आणि चढावर पकड राहावी म्हणून बहुतेक यंत्रांना रबरी पट्टे असतात. हातठेला प्रकारातील यंत्रामागे माणूस चालत जातो.

ओला बर्फ धुराड्यात अडकतो आणि अपघातांची एक मोठी साखळी येथूनच सुरू होते. इंजिन बंद न करता हाताने बर्फ काढायला गेलेल्यांची बोटे तुटण्याचे प्रकार होतात. यंत्र बंद करून सोबत दिलेल्या काठीनेच धुराडे मोकळे करावे, ही सूचना प्रत्येक यंत्रावर असते. दुसरा धोका मागे येताना असतो. पाय घसरला की माणूस यंत्राखाली किंवा यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये सापडतो. मुठीवरील पट्टी सोडताच यंत्र थांबावे अशी योजना त्यासाठी केलेली असते. थंडीत ती सतत दाबून धरणे त्रासाचे वाटल्याने काही जण ती दोरीने बांधून टाकतात आणि संरक्षणच नाहीसे होते. बंद कोठारात इंजिन चालू ठेवल्याने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊन मृत्यूही झाले आहेत.

यंत्र असलेल्या घरालाही फावडे लागतेच. पहाटे रस्ता साफ करणारी मोठी वाहने घरासमोर कठीण, ओल्या बर्फाचा बांध सोडून जातात. तो फोडल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. घरमालकांची ही तक्रार सर्वच हिमप्रदेशांत ऐकू येते.

पाण्याचा उपयोग

बर्फ एका जागेवरून दुसरीकडे नेला तरी तो उरतोच. तो कोठे टाकायचा हा प्रश्न दाट वस्तीत फार तीव्र होतो. पाणी हे त्यावरील स्थानिक उत्तर आहे. काही गावांत घराला लागून तळे ठेवण्याची जुनी पद्धत आहे. छपरावरील बर्फ थेट त्यात पडून विरघळतो. रस्त्याकडेला वाहत्या पाण्याचे खोल नाले बांधलेले असतात, त्यांना 'र्यूसेत्सुको' म्हणतात. झाकण उघडून लोक त्यात बर्फ टाकतात. सर्वांनी एकदम टाकल्यास नाला तुंबून पाणी घरात शिरते, म्हणून वाड्यांना वेळा वाटून दिल्या जातात.

नागाओका येथे १९६१ साली रस्त्याच्या मध्यभागी नळ टाकून भूजलाचे फवारे उडवण्याची पद्धत सुरू झाली. भूजल हिवाळ्यातही तुलनेने कोमट असल्याने बर्फ साचण्यापूर्वीच वितळतो. ही पद्धत पुढे खाजगी अंगणांतही आली. पाण्यातील लोहामुळे अशा रस्त्यांवर तांबूस डाग पडलेले दिसतात. याहून गंभीर परिणाम म्हणजे अतिउपशामुळे काही भागांत जमीनच खचली आणि उपशावर नियंत्रणे आणावी लागली.

छप्पर आणि कायदा

जपानच्या इमारतविषयक नियमांनुसार हिमबहुल प्रदेशात बर्फाच्या प्रत्येक सेंटीमीटर जाडीसाठी चौरस मीटरला किमान ३० न्यूटन भार धरावा लागतो. पण जेथे छपरावरील बर्फ काढण्याची प्रथा आहे, तेथे प्रत्यक्ष हिमसाठा एक मीटरपेक्षा जास्त होत असला तरी हिशेब एक मीटरपर्यंत खाली आणता येतो. अशी सवलत घेतलेल्या इमारतीत दर्शनी जागी तशी सूचना लावणे बंधनकारक आहे. दुसऱ्या शब्दांत, घराच्या खांब-तुळयांच्या गणितात फावडे घेऊन वर चढणारा माणूस गृहीत धरलेला आहे. तो माणूस म्हातारा झाला किंवा राहिलाच नाही, तर गणित चुकते.

१९६३ च्या जानेवारी-फेब्रुवारीतील हिमवृष्टीने २०० हून अधिक बळी घेतले. त्याच्या आदल्या वर्षी हिमबहुल प्रदेशांसाठी विशेष कायदा झाला होता. त्याखाली आज देशाचे जवळजवळ निम्मे क्षेत्रफळ येते. २००५–०६ च्या हिवाळ्यात १५२ जण दगावले. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू बर्फ काढताना झाले आणि मृतांत पासष्टीच्या पुढचे लोक बहुसंख्य होते. छपरावरून पडणे, छपरावरून घसरलेल्या बर्फाखाली गाडले जाणे, नाल्यात पडणे आणि श्रमाने हृदय बंद पडणे ही नेहमीची कारणे आहेत. तरुण पिढी शहरांत गेल्याने एकट्या वृद्धाने शिडी लावण्याचे प्रसंग वाढले आहेत.

म्हणून साधनांच्या यादीत आता शिरस्त्राण आणि जीवदोरी यांनाही स्थान आहे. दोरीचे दुसरे टोक आढ्यापलीकडच्या भक्कम आधाराला बांधतात आणि पडल्यास माणूस जमिनीवर आपटण्यापूर्वीच थांबेल इतकीच तिची लांबी ठेवतात. बऱ्याच जुन्या घरांच्या छपरावर दोर बांधायला आधारच नसतो, ही व्यवहारातील मोठी अडचण आहे. शिडी वरच्या टोकाला बांधणे, दोघांनी मिळून काम करणे, खिशात मोबाइल ठेवणे आणि उन्हामुळे बर्फ सैल झालेल्या दिवशी वळचणीखाली न जाणे, हे इतर नियम होत. घराभोवतीचा बर्फ आधी काढू नये, असेही सांगतात. तो मऊ थर पडणाऱ्याला वाचवू शकतो.

नव्या घरांत छपरावर चढावेच लागू नये असा प्रयत्न असतो. काही छपरे बर्फ आपोआप घसरेल अशी उतरती व गुळगुळीत असतात. त्यासाठी भोवती मोकळी जागा हवी. काहींत उष्णतेने बर्फ वितळवतात. त्यासाठी इंधनाचा किंवा विजेचा खर्च सतत येतो. तिसऱ्या प्रकारात घरच इतके भक्कम बांधतात की संपूर्ण हिवाळ्याचा बर्फ वर राहू शकतो. जुन्या घरात राहणाऱ्या वृद्धांना यांपैकी कोणताच पर्याय सहसा परवडत नाही. त्यांच्यासाठी नगरपालिका मजुरीचे अनुदान देतात किंवा स्वयंसेवक पाठवतात. निगाता प्रांतातील 'एचिगो युकिकाकी दोजो' हा उपक्रम बर्फाची सवय नसलेल्या बाहेरच्या स्वयंसेवकांना फावडे व स्नो डंप चालवण्याचे आणि दोरी बांधण्याचे शिक्षण स्थानिक जाणत्यांकडून देतो. ओस पडलेल्या घरांवरील बर्फ मात्र बहुधा तसाच राहतो. त्या भाराने घर कोसळते किंवा तो बर्फ शेजाऱ्याच्या भिंतीवर येऊन पडतो.