सायलेंट हिल २ : खेळाडूची निवड आणि अपराधभाव

सायलेंट हिल २ : मानसिक भयकथेच्या प्रकारातला जपानी व्हिडिओ गेम. कोनामी कंपनीच्या ‘टीम सायलेंट’ या गटाने तो तयार केला व २००१ मध्ये प्लेस्टेशन २ साठी बाजारात आणला. दिग्दर्शन मासाशी त्सुबोयामा, लेखन हिरोयुकी ओवाकू, राक्षसांची रेखाटने मासाहिरो इतो आणि संगीत अकिरा यामाओका यांचे. खेळाडूच्या मनात अपराधभाव जागवणारे गेम पुढे बरेच आले. पण एकही नैतिक प्रश्न न विचारता त्याला जाब विचारणारा असा गेम विरळाच.

जेम्स सन्डरलँडला पत्नी मेरीचे पत्र येते : सायलेंट हिल या गावी ती त्याची वाट पाहत आहे. मेरीला जाऊन तर तीन वर्षे झाली, असे तो स्वतःच सांगतो. धुक्याने भरलेल्या या अमेरिकी गावात त्याला हुबेहूब मेरीसारखी मारिया भेटते आणि तिचा मृत्यू त्याला पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. पिरॅमिड हेड हा त्रिकोणी लोखंडी शिराचा मारेकरी त्याचा पिच्छा सोडत नाही. अखेर लेकव्ह्यू हॉटेलच्या ३१२ क्रमांकाच्या खोलीत जेम्स एक व्हिडिओ टेप लावतो आणि सत्य उघडे पडते : आजारी मेरीच्या तोंडावर उशी दाबून त्यानेच तिचा जीव घेतला होता. ज्या पत्रासाठी तो इथवर आला, त्यावरची अक्षरे कथा पुढे सरकते तशी पुसली जातात आणि शेवटी पाकीटही सामानातून नाहीसे होते.

खून गेम सुरू होण्याआधीच झालेला आहे. तो टाळणे खेळाडूच्या हाती नाही. त्याच्या हाती आहे तो जेम्सचा शेवट, आणि तो ठरतो खेळण्याच्या सवयींवरून. पहिल्या खेपेला तीन शेवट शक्य असतात : जेम्स गाव सोडतो, तळ्यात जीव देतो किंवा मारियाला घेऊन निघतो. जखमी झाल्यावर लगेच उपचार केले, मेरीचा फोटो आणि पत्र अधूनमधून काढून पाहिले, तर जगण्याकडे कल धरला जातो. मारियाच्या जवळ राहिले, तिची विचारपूस केली, तर पारडे तिच्याकडे झुकते.

सर्वांत भेदक आहे तो अँजेलाचा चाकू. वडिलांच्या अत्याचाराने उद्ध्वस्त झालेली ही मुलगी आपला चाकू जेम्सच्या स्वाधीन करते. तो हत्यार म्हणून वापरता येत नाही. फक्त सामानात उघडून निरखता येतो. खेळाडू कुतूहलापोटी तो पुन्हा पुन्हा निरखतो आणि गेम त्याची नोंद जेम्सच्या मनातल्या आत्महत्येच्या विचारात करतो. जखमी अवस्थेत दीर्घकाळ तसेच फिरत राहिले तरी हाच अर्थ लावला जातो. खेळाडूला यातले काही कळत नाही. तळ्याचा शेवट समोर आला की ‘मी असे काय केले?’ हा प्रश्न त्याला स्वतःलाच विचारावा लागतो.

इथेच हा गेम इतरांपेक्षा सरस ठरतो. टेलटेलच्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये (२०१२) आपले बोलणे अमुक पात्र लक्षात ठेवील, अशी सूचना पडद्यावर झळकते, त्यामुळे खेळाडू सावध होतो, हिशेबाने वागतो. त्याच वर्षीच्या ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ या युद्धावरील गेममध्ये पांढऱ्या फॉस्फरसचा मारा केल्याशिवाय कथा पुढेच जात नाही आणि नंतर होरपळलेले नागरिक दाखवून दोष खेळाडूच्या माथी मारला जातो. पर्यायच न देता दोषी धरणे अन्यायाचे आहे, हा त्यावरचा आक्षेप रास्त वाटतो. सायलेंट हिल २ खेळाडूला खुनी ठरवत नाही. त्याने जेम्सची किती काळजी घेतली, एवढेच तो पाहतो.

अँजेलाच्या बाबतीत मात्र गेम कठोर आहे. जळत्या जिन्यावर ती चाकू परत मागते, जेम्स देत नाही, आणि ती ज्वाळांत चालत जाते. तिला वाचवण्याची कोणतीही वाट ठेवलेली नाही. तिच्या दुःखावर कोणाच्या चांगुलपणाचा उतारा असल्याचे भासवले नाही, हे लेखकाचे मोठे धैर्य मानावे लागेल.

शेवट कसे ठरतात याची माहिती आता सर्वत्र मिळते आणि ती वाचून खेळणाऱ्याच्या हातात चाकू निव्वळ एक कळ होऊन बसतो. ब्लूबर टीम या पोलिश कंपनीने २०२४ मध्ये आणलेल्या नव्या आवृत्तीत आणखी दोन शेवट आहेत. ती पहिल्यांदा खेळणाऱ्याने मार्गदर्शिका बाजूला ठेवूनच खेळावी.