दावणीपासून पेल्यापर्यंत : अंबाडीची दुसरी बाजू

दोन हिवाळ्यांपूर्वी पिंपरीच्या मंडईबाहेर विदर्भातून आलेल्या एक बाई लाल, मांसल बोंडांचे वाटे मांडून बसल्या होत्या. पुण्यात शिकणारा एक सुदानी विद्यार्थी तिथे थबकला. बोंड उचलून म्हणाला, “करकदे!” बाई म्हणाल्या, “अंबाडी हाय जी.” दोघेही बरोबर होते.

आपण अंबाडी हे एकच नाव दोन भावंडांना देतो. देशावर वाखासाठी लावली जाई ती हिबिस्कस कॅनाबिनस. लाल बोंडांची ती हिबिस्कस सब्दारिफा, म्हणजे लाल अंबाडी. पाने दोघींची आंबट, भाजी दोघींची होते. पेय मात्र लाल अंबाडीचेच. फूल गळल्यावर फळाभोवती फुगणारे आवरण त्यासाठी वापरतात.

सुदानात त्याला करकदे म्हणतात, सेनेगलमध्ये बिसाप, नायजेरियात झोबो. वाळवलेली आवरणे भिजवून किंवा उकळून गाळतात, साखर घालतात; पश्चिम आफ्रिकेत आले आणि पुदिनाही पडतो. सुदानात रमजानचा उपास सोडताना ते पितात. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर हे बी अटलांटिकपार गेले, असे मानतात. १७०७ मध्ये जमैकात लागवडीची नोंद मिळते. तिथे ते आज नाताळचे पेय आहे.

आपल्याकडच्या जुन्या कागदांत अंबाडी भेटते ती मुख्यतः तंतुपीक म्हणून. शेताच्या कडेने ती पेरायची, ताटे कापून पाण्यात कुजत घालायची, साल सोलून वाख धुवायचा. मांग समाजातील कारागीर त्याचे दोर वळत आणि बलुते घेत. दावी, कासरे, चऱ्हाटे, सगळे त्यातून येई. फाळणीनंतर तागाचा बराच प्रदेश पाकिस्तानात गेला, तेव्हा या दोन्ही वनस्पतींना ‘मेस्ता’ या नावाने गिरण्यांसाठी महत्त्व आले.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, पुढे चाकणपर्यंत कारखाने पोचले. शेते गेली, बैल गेले. उरलेल्या गोठ्यांत नायलॉनचा दोर आला. या पट्ट्यात अंबाडी भाजीच्या जुडीपुरती राहिली.

मी इतकी वर्षे अंबाडीचा इतिहास दोराचाच इतिहास समजत होतो. त्या विद्यार्थ्याने ‘आम्ही हे पितो’ असे सांगितले, तेव्हा बाई हसल्या. “आम्ही बी पितो. शरबत करतो, चटणी करतो. बोंडं वाळवून ठेवतो.” मी पाहिलेल्या जुन्या नोंदींत हे शरबत नव्हते. महसुलाच्या आणि व्यापाराच्या नजरेने पिके मोजणाऱ्यांना वाख दिसला. स्वयंपाकघरासाठी त्यांच्याकडे रकानाच नव्हता. वाचताना तो रकाना मागायला हवा होता, हे मलाही सुचले नाही.

आता तीच आवरणे दुकानांत ‘हायबिस्कस टी’ म्हणून देखण्या पाकिटांत मिळतात. मी घेतलेल्या पाकिटावर अंबाडी हा शब्द कुठेच नव्हता. उद्या चाकणच्या एखाद्या उपाहारगृहात हे लाल पेय आफ्रिकेची नवलाई म्हणून विकले जाईल. आफ्रिकेचे ऋण त्यात आहेच, ते सांगावेच. पण मंडईबाहेर बसलेल्या बाईंचे ज्ञान पुन्हा एकदा नोंदीबाहेर राहू नये.

विद्यार्थ्याने तीन वाटे घेतले. मी दोन घेतले, आणि शरबताची कृती बाईंकडून वहीत उतरवून घेतली.