मेसा म्हणावे की मिसा?



स्पॅनिश भाषेत 'मेसा' म्हणजे टेबल आणि 'मिसा' म्हणजे चर्चमधली प्रार्थना. 'पेसो' म्हणजे वजन, तर 'पिसो' म्हणजे पायाखालची जमीन. एक मात्रा इकडची तिकडे झाली की बाई टेबल पुसायला निघते आणि ऐकणाऱ्याला वाटते, ही चर्चला निघाली. नवी भाषा शिकताना अशा गमती होतातच आणि आपणही त्यावर हसतो. पण दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात या एका मात्रेवरून माणसाची लायकी ठरवली गेली. त्याचाच इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

पेरू हा अँडीज पर्वताचा देश. आपण ज्याच्याशिवाय उपासाचा दिवस काढत नाही, त्या बटाट्याचे मूळ घर हाच डोंगराळ भाग. तिथल्या शेतकऱ्यांची भाषा क्वेचुआ. स्पॅनिश लोक तिथे १५३२ साली पोचले, त्याआधी इंका राजांचा कारभार याच भाषेत चाले. २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख लोकांनी आपली मातृभाषा क्वेचुआ असल्याचे सांगितले. म्हणजे ही काही चार पाड्यांवरची बोली नव्हे.

आता गंमत अशी, की क्वेचुआत स्वर तीनच: अ, इ आणि उ. स्पॅनिशमध्ये पाच, म्हणजे ए आणि ओ जास्तीचे. घशातून येणाऱ्या काही व्यंजनांजवळ क्वेचुआतल्या इ-उ चा उच्चार ए-ओसारखा होतो, पण त्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे लहानपणापासून क्वेचुआ बोलणाऱ्या कानाला 'मेसा' आणि 'मिसा' यांतला फरक पकडता येत नाही. यात बुद्धीचा काही संबंध नाही. आपलेच पाहा ना. इंग्रजीत दोन वेगळे 'व' आहेत, एक ओठ दातांना लावून म्हणायचा आणि दुसरा ओठांचा चंबू करून. मराठीत 'व' एकच, म्हणून आपण दोन्ही सारखेच म्हणतो आणि त्यात काही चुकले असे आपल्याला वाटतही नाही. कान ज्या आवाजावर वाढला नाही, तो आवाज जिभेवर कुठून येणार?

त्यात पुन्हा भीती. आपण 'ए'च्या जागी 'इ' म्हणतो म्हणून लोक हसतात, हे कळले की बाई जपून बोलायला लागते आणि मग जिथे 'इ'च बरोबर आहे तिथेही 'ए' म्हणून मोकळी होते. म्हणजे सुधारायला जावे तर आणखी हसे. अशा बोलणाऱ्याला पेरूमध्ये 'मोतोसो' म्हणतात, बाई असेल तर 'मोतोसा'. शब्द शिवीसारखाच वापरला जातो. डोंगरातून राजधानी लिमाला घरकामाला आलेल्या मुलींच्या वाट्याला तो किती वेळा आला असेल, कोणी मोजलेले नाही.

लिहिण्याची गोष्ट आणखी वेगळी. स्पॅनिशमध्ये 'ब' आवाजासाठी दोन अक्षरे आहेत आणि बोलताना दोन्ही अगदी सारखी. 'ह'चे अक्षर लिहायचे, पण म्हणायचे नाही. अमेरिका खंडातल्या स्पॅनिशमध्ये 'स' हा एकच आवाज कुठे एका अक्षराने लिहायचा, कुठे दुसऱ्या, तर कुठे तिसऱ्या. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या स्पॅनिश आहे, त्यांची मुलेही यात चुकतात. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचे आहे तसेच. बोलताना 'दिन' आणि 'दीन' यांत फारसा फरक ऐकू येत नाही, पण कागदावर वेलांटी चुकली की मास्तर लाल रेघ ओढतात.

मास्तरांच्या लाल रेघेने फार तर गुण जातात. पेरूमध्ये मत गेले. १८९६ च्या निवडणूक कायद्याने तिथल्या निरक्षरांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. कायद्यात 'क्वेचुआ' असा शब्द घालायची गरजच नव्हती. शाळा शहरात, शिकवणे स्पॅनिशमध्ये आणि डोंगरातली माणसे जमीनदारांच्या शेतावर राबणारी. त्यामुळे कोण गळणार हे ठरलेलेच होते. १९५५ साली स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, तोही फक्त लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रियांना. १९७५ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने क्वेचुआला राजभाषेचा दर्जा दिला, तरी कचेऱ्यांमधला कारभार स्पॅनिशमध्येच चालू राहिला. निरक्षरांना मताचा हक्क दिला तो १९७९ च्या राज्यघटनेने आणि त्यांनी प्रत्यक्ष मत टाकले १९८० मध्ये. आपल्या देशात १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत अंगठा उठवणाऱ्या आजीनेही मत दिले होते. ही किती मोठी गोष्ट होती, ते पेरूकडे पाहिल्यावर जास्त कळते.

चुकीचे स्पॅनिश लिहिणारे सगळेच गप्प बसले असे मात्र नाही. सुमारे १६१५ साली ग्वामान पोमा नावाच्या एका म्हाताऱ्या क्वेचुआ माणसाने स्पेनचा राजा फिलिप तिसरा याला एक पत्र लिहिले. पत्र म्हणजे जवळजवळ १२०० पानांचा ग्रंथच, त्यात ३९८ चित्रे! स्पॅनिश अधिकारी आणि पाद्री आमच्या लोकांना कसे मारतात, बायकांना कसे विणकामाला जुंपतात, हे त्यात लिहिले आणि चित्रांतही दाखवले. त्याचे स्पॅनिश मोडकेतोडके, अधूनमधून क्वेचुआ मिसळलेले. राजाने ते कधी वाचल्याचा पुरावा नाही. १९०८ साली ते डेन्मार्कच्या राजधानीतल्या ग्रंथालयात सापडले. सुरुवातीला काही विद्वानांनी त्याच्या भाषेला नाके मुरडली. आज मात्र त्या काळाचा इतिहास लिहिताना या ग्रंथावाचून चालत नाही. शुद्ध स्पॅनिश लिहिणाऱ्या कितीतरी अधिकाऱ्यांचे कागद मात्र कपाटात पडून आहेत.

दुसरे एक नाव सांगतो. कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना १९८२ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांचे शुद्धलेखन कच्चे होते आणि त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात ते मोकळेपणी सांगितले आहे. मुलगा मोठा लेखक झाला, तरी आई त्याची पत्रे चुका दुरुस्त करून परत पाठवायची! १९९७ साली मेक्सिकोत स्पॅनिश भाषेची मोठी परिषद भरली होती. तिथे त्यांनी सरळ सांगितले की हे शुद्धलेखन आता निवृत्त करा, न उच्चारला जाणारा 'ह' काढून टाका. पंडित रागावले, वर्तमानपत्रांत वाद रंगले. पण त्यांना अडाणी कोणी म्हटले नाही.

त्यानंतर १२ वर्षांनी, एप्रिल २००९ मध्ये, लिमाच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर एका वहीतल्या पानाचा फोटो छापला. पेरूच्या संसदेत बसून एका महिला सदस्याने स्वतःसाठी हाताने लिहिलेली ती टिपणे होती. छायाचित्रकाराने ती जवळून टिपली होती. 'ए'च्या जागी 'इ' आणि इतर चुका सगळ्या देशाला दाखवल्या आणि मथळा दिला त्याचा अर्थ असा, की काय ही पातळी! अशा बाईला संसदेत बसायचा काय अधिकार, असा एकूण सूर होता.

त्या बाईंचे नाव हिलारिया सुपा. कुस्कोजवळच्या आंता भागातल्या शेतकरी घरातल्या. लहानपणीच परक्यांच्या घरी कामाला जावे लागले, शाळा फारशी मिळालीच नाही. पुढे त्या गावोगावच्या शेतकरी बायकांच्या संघटनेचे काम करू लागल्या. २००६ साली त्या निवडून आल्या, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकारी मारिया सुमिरे यांनी क्वेचुआत शपथ घेतली. त्यावरूनही सभागृहात वाद झाला होता.

वहीतल्या चुका सगळ्यांनी पाहिल्या. पण या बाईंनी आधी काय केले होते, तेही पाहायला हवे. १९९६ ते २००० या काळात पेरू सरकारने गरीब बायकांच्या नसबंदीची मोहीम चालवली. २ लाख ७० हजारांहून जास्त स्त्रियांच्या शस्त्रक्रिया झाल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांना ठरावीक आकडे पूर्ण करायचे होते. 'टार्गेट' हा शब्द आपल्यालाही नवा नाही. कितीतरी बायकांनी पुढे सांगितले की आम्हाला फसवून किंवा धमकावून टेबलावर झोपवले. संमतीचे कागद स्पॅनिशमध्ये आणि अंगठा उठवणारी बाई फक्त क्वेचुआ जाणणारी. आंता भागातल्या बायकांना एकत्र करून ही गोष्ट उघड्यावर आणणाऱ्यांत हिलारिया सुपा पुढे होत्या. ज्या डॉक्टरांनी ते कागद भरले, त्यांचे शुद्धलेखन बहुधा निर्दोष असेल.

त्या फोटोवरून बरीच ओरड झाली. अनेक भाषा अभ्यासकांनी समजावून सांगितले की या चुका अडाणीपणाच्या नाहीत, दुसरी भाषा शिकणाऱ्याच्या आहेत. आम्हाला तर वाटते, ज्या बाईला शाळाच मिळाली नाही, तिने परक्या भाषेत स्वतःची टिपणे स्वतः काढावीत हीच मोठी गोष्ट. शुद्ध लिहिणाऱ्या किती जणांना क्वेचुआत एक ओळ लिहिता आली असती?

२०१० मध्ये संसदेच्या शिक्षण समितीचे अध्यक्षपद हिलारिया सुपा यांच्याकडे आले. पुन्हा नाके मुरडली गेली, पण त्या पदावर बसल्या. समितीच्या कामालाही त्या आपल्या गावाकडचा पोशाख आणि टोपी घालूनच येत. पुढच्या वर्षी, २०११ च्या जुलैमध्ये, पेरूमध्ये मूळ रहिवाशांच्या भाषांचा कायदा झाला. त्यासाठी मारिया सुमिरे यांनी नेटाने पाठपुरावा केला होता. सरकारी कचेरीत स्वतःच्या भाषेत बोलण्याचा आणि गरज पडली तर दुभाषी मागण्याचा हक्क त्या कायद्याने दिला.