तुळशीचे रोप आणि गोव्याचे धर्मन्यायालय

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घराण्यांचे मूळ गोमंतकात आहे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास का न्यावी लागली, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. परंतु जे देवांबरोबर निघाले नाहीत, मागे राहिले आणि ज्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला, त्यांचे पुढे काय झाले याची विचारपूस आपण क्वचितच करतो. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावे, असे आम्हांस वाटते.

इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला व १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. ज्या वाड्यात ते भरे, त्यास लोक भीतीने 'व्हडलें घर' म्हणत. या न्यायालयाचा रोख मुख्यत्वे नवख्रिस्ती प्रजेवर होता. बाप्तिस्मा झाल्यावरही जुने आचार पाळणे हा गुन्हा ठरे. १५६१ ते १७७४ या काळात सोळा हजारांहून अधिक माणसांवर येथे खटले चालले. साक्ष कोणी दिली हे आरोपीस कळू देत नसत. कित्येकांना तुरुंगवास घडला, काहींना जिवंत जाळण्यात आले. डेलाँ नावाचा फ्रेंच वैद्य स्वतः ख्रिस्ती होता. तोही १६७४ ते १६७६ या काळात गोव्याच्या कोठडीत खितपत पडला. त्याने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतामुळेच तेथील कारभार युरोपास ठाऊक झाला.

गुन्हे तरी कोणते? १४ एप्रिल १७३६ च्या जाहीरनाम्यात त्यांची लांबलचक यादी आहे. दारी तुळस लावणे, एकादशीचा उपवास करणे, मीठ न घालता भात शिजवणे, लग्नात जुनी गाणी म्हणणे, पुरुषांनी पुडवें नेसणे, या सर्वांस मनाई होती. वाचकहो, यांत राजद्रोह कोठे आहे? ही तर आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील आणि अंगणातील नित्याची कामे!

तथापि या यादीतच एक मोठे सत्य दडलेले आहे. धर्मन्यायालय स्थापन होऊन १७६ वर्षे लोटली, तरी मनाई करावी लागत होती. याचा अर्थ लोक हे आचार सोडीत नव्हते. खटल्यांचे बहुतेक कागद पुढे नष्ट झाले. पण ज्या आचारांचा नाश करावयाचा होता, त्यांची नोंद मात्र नाश करणाऱ्यांच्याच लेखणीने राहिली. १९६१ साली अ. का. प्रियोळकर यांनी या विषयावर ग्रंथ लिहून हा इतिहास अभ्यासकांपुढे ठेवला.

हे न्यायालय १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे उठले. आजही गोव्यातील ख्रिस्ती विवाहात वधूवरांस नारळाचा रस लावण्याचा 'रोस' विधी होतो. तो पाहताना आपल्या हळदीची आठवण कोणास होणार नाही?

आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी त्या लोकांना 'बाटगे' म्हणत आणि आम्हीही तो शब्द निःशंकपणे उच्चारीत असू. आज त्याची लाज वाटते. देव घेऊन जे निघाले ते धैर्यवान खरेच. पण व्हडल्या घराच्या छायेत राहून ज्या माउलीने चोरून एकादशी केली, तिचे धैर्य कमी कसे म्हणावे? इन्क्विझिशनने तिला अपराधी ठरविले. आपण तरी तिला परकी ठरवू नये, एवढीच ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे.